लॉजच्या सेप्टिक टाकीचं डिझाइन आर्किटेक्टने दिलंय. त्यात काय तपासावं?

तुम्ही दिलेली मापं दोनदा वाचली. रत्नागिरीकडचं लॉज, 12 डबल खोल्या, खाली 40 खुर्च्यांचं जेवणघर, तिथेच राहणारी सहा कामाची माणसं. मागे 3 मीटर लांब, 1.2 रुंद आणि 1.2 मीटर पाणी राहील अशी टाकी, पुढे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायला 1.8 मीटर व्यासाचा एक शोषखड्डा. आर्किटेक्ट म्हणतात चालेल. माझ्या मते नाही चालणार. असे नकाशे तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि इथे टाकीपेक्षा मोठा घोळ शोषखड्ड्याचा आहे.

आधी टाकी. ती भरते 4,320 लिटर. हा आकडा कुठून आला ते लगेच कळलं: 24 खाटा गुणिले 180 लिटर. आयएस 1172 या भारतीय मानकात हॉटेलच्या खाटेमागे तेवढंच पाणी धरलंय. म्हणजे खोल्या मोजल्या आणि जेवणघर राहून गेलं. त्याचे खुर्चीमागे 70 प्रमाणे 2,800 होतात, राहत्या माणसांचे प्रत्येकी 135 प्रमाणे 810. एकूण 7,930 लिटर. त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं तरी रोजचे 6,300 लिटर. (रविवारी एकेका खुर्चीवर तीन पंगती उठतात, ते वेगळंच.) या टाकीत पाणी दिवसभरही थांबणार नाही आणि गाळाला जागा उरणार नाही. दोन दिवसांचं पाणी मावेल अशी, 12-13 हजार लिटरची, मध्ये आडभिंत घातलेली टाकी मागा.

आता शोषखड्डा. टाकीत गाळ फक्त खाली बसतो. बाहेर पडणारं पाणी घाणच असतं, ते साफ करायचं काम मातीचं. आणि तुमच्या नकाशावर मातीबद्दल एक अक्षर नाही. पाणी मुरण्याची चाचणी झालीय का, हे पहिलं विचारा. चाचणी साधी आहे. जिथे आणि जितकं खोल पाणी सोडायचंय, तिथे वीतभर रुंदीचा खड्डा तेवढाच खोल घ्यायचा, तळाला 5 सेंटिमीटर खडी, पाणी भरून रात्रभर माती भिजू द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून पट्टी आणि घड्याळ घेऊन बसायचं: पातळी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात? समजा 25 लागली. आयएस 2470 चं सूत्र 204 भागिले मिनिटांचं वर्गमूळ, म्हणजे चौरस मीटरला रोज 41 लिटर. तुमचा खड्डा पाणी आत येणाऱ्या पाइपाखाली अडीच मीटर, त्याच्या भिंतीचं क्षेत्र जेमतेम 14 चौरस मीटर. रोज मुरणार 580 लिटर आणि येणार 6,300. असे अकरा खड्डे लागतील! त्यापेक्षा पाऊण मीटर रुंदीचे, 30 मीटर लांब सात चर बरे, पण मधलं दोन-दोन मीटर अंतर धरून त्यांना पाच गुंठे मोकळी जागा हवी. मिनिटं साठच्या वर गेली तर मातीचा नाद सोडा आणि अपफ्लो फिल्टर (खडीतून पाणी खालून वर चढवणारा गाळणा) किंवा तयार प्रक्रिया संयंत्राचा भाव काढा.

उलटही होतं. आपल्याकडच्या जांभ्यात कधी कधी पाणी बघता बघता गायब होतं आणि मालक खूश, मस्त मुरतंय म्हणून. ते मुरत नसतं, भेगा-पोकळ्यांतून तसंच्या तसं वाट काढत असतं, आणि ती वाट बहुतेक वेळा कुणाच्या तरी विहिरीकडे जाते. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान 18 मीटर हवा. तुमच्या विहिरीपासून तो 12 वर आहे. शेजाऱ्याची विहीर नकाशात नाहीच, कारण आर्किटेक्टने कुंपणापर्यंतच मोजलंय. उताराच्या खालच्या बाजूची घरं स्वतः फिरून बघा. आणि चाचणी मे महिन्यात उरकू नका. श्रावणात विहिरीचं पाणी किती वर येतं ते बघा; जमिनीखाली 1.8 मीटरच्या आत आलं तर खोल खड्डा पाण्यातच उभा राहणार, मग चर भराव घालून वर घ्यावे लागतात.

जेवणघराचं पाणी ग्रीस ट्रॅपशिवाय, म्हणजे तेल-तूप अडवणाऱ्या चेंबरशिवाय, टाकीत सोडू नका. आमच्या एका नातेवाइकाच्या खानावळीत थंडीत चेंबरचं झाकण उचललं तर वर थिजलेल्या खोबरेलासारखा चार बोटं जाड पांढरा थर, त्यात खोबऱ्याचा चोथा आणि माशांचे खवले. पुढचा शोषखड्डा दोन वर्षांत तुंबून बंद पडला होता. पागोळीचं पाणीही टाकीत नको.

शेवटचं, उपसा. तुमची टाकी इमारतीच्या मागे, वाट चार फुटांची. टँकर कुठे उभा राहणार, पाइप पोचणार का, हे टँकरवाल्यालाच विचारा. नाही पोचला तर कुणीतरी माणूस आत उतरवेल. तो जिवाशी खेळ आहे, आणि हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने गुन्हाही.

चाचणीची मिनिटं आणि श्रावणातली विहिरीची पातळी मिळाली की इथेच लिहा. चरांचा हिशेब पुन्हा करून देतो.