बहिणीच्या लेकीसाठी पुस्तकं-खेळणी वापरायला कुठून आणायची

ताई, तुम्ही लिहिलंय की बहीण गेल्यापासून तिची सात वर्षांची लेक तुमच्याकडंच आहे, फारसं बोलत नाही, आणि पुस्तकं-खेळणी विकत घेणं परवडत नाही. आमच्याकडं दिराचा मुलगा असाच आला, नऊ वर्षं झाली आता, म्हणून जे केलं ते सांगते.

आधी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि सभासदत्व तिच्याच नावावर काढा. बऱ्याच ठिकाणी बालविभाग असतो, वर्गणी थोडीच. आमच्या लेकराचं सगळं त्याच्या आधीच्या घरीच राहिलेलं, दप्तरसुद्धा, त्यामुळं स्वतःचं नाव लिहिलेलं ते पिवळं कार्ड तो उशीखाली घेऊन झोपायचा. पहिल्यांदा कोंबडीच्या पिल्लांचं चित्रांचं पुस्तक आणलं ते दीड महिना झाला तरी परत देईना, दंड चढायला लागला, मी रागावलेसुद्धा, त्याचं आजही वाईट वाटतं. नंतर कळलं, त्याला वाटायचं एकदा दिलं की ते पुन्हा मिळतच नाही. मग ग्रंथपाल काकांनी दंड सोडला, त्याच्यासमोर पुस्तक कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच काढायला लावलं. असं चार-पाच वेळा झाल्यावर त्यानं आपणहून दुसरं पुस्तक मागितलं. म्हणून ग्रंथपालांना आधीच सांगून ठेवा.

आई वारली, अनाथ, दत्तक असल्याच गोष्टी तिच्यासमोर ठेवू नका. तिला काय आवडतं ते तिला निवडू द्या, आई गेलेल्या लेकरांविषयीचं तुम्ही स्वतः वाचा.

खेळण्यांसाठी आम्ही तीन घरांनी मिळून वाचनालयातच एक लोखंडी पेटी ठेवलीय, भातुकली, ठोकळे, कापडी बाहुल्या, सोबत एक वही, नेलं की तारीख लिहायची, पंधरा दिवसांनी आणायचं. एका घरात दत्तक लेक आहे, दुसऱ्या घरी आईबाप ऊसतोडीला गेले की नातवंडं आजीकडं राहतात. वापरलेली खेळणी लोक आनंदानं देतात, फक्त मागावं लागतं. मोबाईलवर वाचायचं तर स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक, १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात.

शाळेत बाईंना भेटून या, 'माझं कुटुंब' लिहायला किंवा काढायला सांगतात तेव्हा लेकरू गडबडून जातं. बाईंना आधी माहीत असलं तर कुणाचं चित्र काढायचं ते तिच्यावर सोडतील.

आणि सरकारच्या बालसंगोपन योजनेचा, म्हणजे अशा लेकरांना सांभाळायला मिळणाऱ्या मदतीचा, अर्ज केला नसेल तर लगेच करा, महिन्याला २२५० रुपये मिळतात. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जा, आदेश बाल कल्याण समिती काढते. बहिणीचा मृत्यूचा दाखला आणि लेकीचा शाळेचा बोनाफाईड सोबत न्या. पैसे जमा व्हायला वेळ लागतो, पाठपुरावा करत राहा.

तुमचा तालुका कोणता ते सांगा, पेटीत काय काय ठेवलंय त्याची यादी मी उद्या टाईप करून टाकते.