मुंबईत पहिल्यांदाच घर भाड्याने देतोय. भाडेकरू कसा पारखून घ्यावा?

तुमचा मालाडचा वन बीएचके आहे आणि एजंट म्हणतोय, 'पार्टी चांगली आहे, टोकन घेऊन टाका.' टोकन घेऊ नका, आधी कागद मागा. एकदा पैसे हातात आले की नाही म्हणणं जड जातं. एजंटला घाई असणारच, व्यवहार झाल्याशिवाय त्याची दलाली सुटत नाही.

सॅलरी स्लिप कुणीही बनवू शकतं, त्यामुळे सगळा भर बँक स्टेटमेंटवर ठेवा. सहा महिन्यांचं, बँकेतून उतरवलेली पीडीएफच घ्या, स्क्रीनशॉट नको. पगार दर महिन्याला त्याच कंपनीकडून येतो का, सध्याचं भाडं कोणत्या तारखेला जातं, चेक किंवा हप्ता परत गेल्याचा दंड कुठे लागलाय का, ते बघा. पगारातून कर्जाचे हप्ते वजा जाऊन उरलेल्या रकमेच्या निम्म्याहून भाडं जास्त होत असेल तर माणूस कितीही सज्जन असो, घरात एखादं आजारपण आलं की आधी भाडंच थकतं. धंदा करणाऱ्याकडून दोन वर्षांचे आयकर रिटर्न घ्या. सिबिल रिपोर्ट, म्हणजे कर्ज वेळेवर फेडतो की नाही याची नोंद, तुम्हाला परस्पर काढता येत नाही. त्यालाच काढून दाखवायला सांगा, वर्षातून एकदा फुकट मिळतो.

आधीच्या घरमालकाला फोन कराच, पण शक्यतो सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. सध्याचा त्रासलेला असेल तर ब्याद जावी म्हणून गोडच बोलेल. 'माणूस कसा आहे?' याला 'चांगला आहे' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा 'डिपॉझिटमधून किती कापलं, कशासाठी?' आणि 'भाडं मागावं लागायचं का?' असं विचारा.

आधारची झेरॉक्स पुरेशी नाही, त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अ‍ॅपने स्कॅन करून नाव आणि फोटो जुळवा. राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव करारात येऊ द्या.

लग्न झालंय का, आडनाव काय, मासे-मटण खातात का, यावरून भाडं वेळेवर येईल की नाही हे कळत नाही. असल्या चौकशीपायी चांगली माणसं दारातून परत जातात, आणि ते अन्यायाचंही आहे.

'नोटरी करून घेऊ, रजिस्ट्रेशन कशाला?' असं म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसली आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळापुरती जागा वापरू देण्याच्या कराराची, मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, शिवाय तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. ऑनलाइन नोंदणीत आधारवर बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे ओळखीची आणखी एक तपासणी आपोआप होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, स्टॅम्प ड्युटी वेगळी.

भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर भरा आणि एक प्रत सोसायटीला द्या. सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत, जास्त आकारले तर लेखी हरकत घ्या. चावी मात्र करार नोंदवून झाल्यावर आणि पूर्ण डिपॉझिट खात्यात जमा झाल्यावरच द्या.