कोलंबियाचे चार टक्के आणि कमाटीबागेतलं झाड

प्रश्न: ताई, मुलगी बारावीला आहे, न्यूयॉर्कची कोलंबिया युनिव्हर्सिटीच पाहिजे म्हणून हटून बसलीये. अलकापुरीतला एक कन्सल्टंट म्हणतो तिथे शंभरात चारच घेतात, म्हणून आमचं पॅकेज घ्या. पॅकेजचा आकडा ऐकून ह्यांना घामच फुटला. खरंच एवढं कठीण आहे की घाबरवतोय?
— एक आई, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: आकडा खोटा नाहीये हो. २०२३ ला ५७,१२९ अर्ज आले आणि २,२४६ जणांना हो म्हटलं, म्हणजे पुरते चार टक्केसुद्धा नाहीत. पण आता एकच ऑनलाइन फॉर्म भरून पोरं वीस-वीस कॉलेजांना अर्ज ठोकतात, मग रांग लांबणारच ना, जागा तेवढ्याच.

पूर्वी गेटवर वेगळीच भानगड होती. कॉलेज १७५४ चं, नाव किंग्ज कॉलेज, इंग्रज गेल्यावर १७८४ ला कोलंबिया झालं. आधी लॅटिन-ग्रीक आलं की पुरायचं, मग परीक्षा आल्या आणि न्यूयॉर्कमधल्या गरीब स्थलांतरित ज्यूंची मुलं त्या भराभर पास व्हायला लागली, तेव्हा वरच्या लोकांच्या पोटात दुखलं. १९१९ च्या सुमारास लांबलचक फॉर्म आले. धर्म कोणता, वडील काय करतात, फोटो लावा, इंटरव्ह्यू द्या. ज्यू मुलं चाळीस टक्क्यांच्या आसपास होती ती काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली! १९२८ ला ब्रुकलिनमध्ये वेगळं ज्युनियर कॉलेज काढलं, त्यात मुख्यतः हीच मुलं, विज्ञानकथावाला आयझॅक असिमोव्ह त्यातलाच. आणि मुख्य कॉलेजात मुलींना प्रवेश कधी, तर थेट १९८३ ला. म्हणून कोणी 'सिलेक्टिव्ह' म्हटलं की मी आधी विचारते, कोणाला बाहेर ठेवायला?

रँकिंगचंही तसंच. २०२२ ला तिथल्याच गणिताच्या प्रोफेसरांनी, मायकल थॅडियस त्यांचं नाव, युनिव्हर्सिटीने रँकिंगवाल्यांना दिलेले आकडे तपासले आणि चुका दाखवल्या, तर दुसरा नंबर होता तो एकदम अठरावा. मुलीला एवढं जरूर वाचायला लावा.

आता पैशाचं, कारण कन्सल्टंट हे शेवटी सांगतात. वर्षाचा सगळा खर्च नव्वद हजार डॉलरच्या वर जातो. अमेरिकन मुलांचा अर्ज बघताना पैसे बघत नाहीत, बाहेरच्या मुलांनी मदत मागितली तर ती गोष्ट निर्णयात धरतात, पण घेतलं तर गरज पूर्ण भागवतात. म्हणजे घरात आधी हिशोब, मग फॉर्म. 'अर्ली डिसिजन'वर, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निकाल घ्यायच्या सोयीवर, हिशोबाआधी सही नको, त्यात घेतलं तर जायलाच लागतं. आणि मास्टर्सचं गणित अगदी वेगळं, तिथे हे चार टक्के लागूच होत नाहीत. इथे एमएसयूत, म्हणजे आपल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत, बीए करून मग जाता येतं की, पण हे तिला आत्ता सांगू नका, चिडेल.

प्रश्न: बाबासाहेब कोलंबियात शिकले ते कुठली एंट्रन्स देऊन, असं नातू विचारतो. मला सांगता येईना.
— एक आजोबा, रावपुरा

उत्तर: आजोबा, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झालं होतं त्यांचं, त्यामुळे ते पदवीच्या पुढच्या वर्गात गेले, आजच्या पोरांसारखी एंट्रन्स नव्हती. घोडं अडलं होतं पैशावर, ते आपल्या सयाजीरावांनी सोडवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरीचा करार. १९१३ ला गेले, १९१५ ला एमए झाले, पीएचडीची पदवी मात्र १९२७ ला हातात आली.

करार पाळायला १९१७ ला बडोद्यात आले तर ह्या एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली कोणी देईना. पारशी नाव सांगून एका पारशी वसतिगृहात राहिले, ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. मग कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले, ती जागा आज संकल्पभूमी. तुम्ही सकाळी तिकडे फिरायला जात असालच, एक दिवस नातवाला बरोबर न्या, उठवणं तुमच्याकडे लागलं.