पंधरा-वीस वर्षं चालेल असं पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करायचंय. जावा जुनाट वाटते, मित्र म्हणतो नवीन काहीतरी घे. कुठली भाषा घेऊ? रस्ट कशी?

असाच एक मित्र मलाही होता, म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं भागीदारीत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सोसायट्यांना सॉफ्टवेअर द्यायचो. सगळं फॉक्सप्रोत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेसच्या भाषेत. मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ नंतर नवी आवृत्ती काढलीच नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्टही संपवला. आता हलणं भाग होतं. मी म्हटलं जावा. तो हसला, म्हणाला म्हाताऱ्यांची भाषा. शेवटी वाटणी झाली: हिशेबाचा गाभा माझ्याकडे, स्क्रीन त्याच्याकडे. त्यानं अँग्युलरजेएस घेतलं, म्हणजे जावास्क्रिप्टात स्क्रीन बांधायचं तयार फ्रेमवर्क.

सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं. नाव तेच, पण जुना कोड त्यात चालेना. सगळं नव्यानं लिहा. तेही एक वेळ चाललं असतं. पण पिग्मीचं, म्हणजे रोजच्या बचत ठेवीचं, व्याज ‘लगेच दिसावं’ म्हणून यानं स्क्रीनवरच काढून ठेवलं होतं. जावास्क्रिप्टातला साधा नंबर फ्लोटिंग पॉइंट असतो, म्हणजे बरेच दशांश आकडे त्यात किंचित चुकून साठतात. त्यात १.००५ ला toFixed नं, म्हणजे तिथल्या नेहमीच्या फंक्शननं, दोन दशांशांवर आणलं तर १.०१ येत नाही, १.०० येतं. माझ्याकडे जावातलं बिगडेसिमल, जे दशांश अचूक ठेवतं, तिथं १.०१. म्हणजे खातेदाराला स्क्रीनवर एक आकडा आणि पासबुकात दुसरा. संध्याकाळी एजंट पिग्मी मशीन जोडून जायचे आणि रोजकीर्द काही जुळायची नाही. सेक्रेटरींचा फोन यायचा, “काय ओ, हे दोन पैसे कुणाचे?” रोजकीर्द बंद झाल्याशिवाय ते शटर ओढत नसत. भागीदार म्हणे, दोन पैशांसाठी एवढं काय? सहकारात दोन पैशांचा फरक म्हणजे ऑडिटरच्या हातात कोलीत. पुढं तो पुण्याला गेला. त्याच्या स्क्रीन माझ्या गळ्यात.

तर भाषा निवडताना ती किती वेगवान, किती सुंदर हे बघू नका. जुना कोड मोडणार नाही असं तिच्या कर्त्यांनी कधी लिहून दिलंय का आणि ते पाळलंय का, एवढंच बघा. गो भाषेवाल्यांनी २०१२ मध्ये पहिल्या आवृत्तीबरोबरच तसं लिहून दिलं. सी, एसक्यूएल तर आहेतच. पायथॉन चांगली भाषा, पण पायथॉन २ मध्ये ५/२ केलं की २ यायचं, ३ मध्ये २.५ येतं. प्रोग्रॅम बंद पडला तर निदान कळतं. इथं तो चालू राहून वेगळं उत्तर देतो. व्याजाच्या कोडात हे परवडणार आहे का?

जुन्यावरून नव्यावर जाताना दोन्ही शेजारी शेजारी चालवा, मार्च एंड त्यातच काढा, तेरीज (ट्रायल बॅलन्स) पैशासकट जुळली तरच जुनं बंद करा. व्याजदर कोडात लिहू नका, तारखेसकट टेबलात ठेवा. बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांचा तयार कोड, थेट शंभर ठिकाणी वापरू नका, मध्ये आपला एक क्लास ठेवा.

आता जावाही सोवळी नाही. आवृत्ती ११ मध्ये जेएएक्सबी, म्हणजे एक्सएमएल फाइली वाचा-लिहायची सोय, काढून टाकलं, एक्सएमएलवाल्यांना ते वेगळं जोडत बसावं लागलं. आणि खरं सांगायचं तर जावास्क्रिप्ट भाषा म्हणून फार टिकाऊ आहे, मोडतात ती तिच्यावरची फ्रेमवर्क. माझा भागीदार साध्या जावास्क्रिप्टात लिहिता आणि रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात मोजता, तर मी हे उत्तर लिहीत बसलो नसतो. मोबाइल ॲप करणार असाल तर यातलं निम्मं विसरा, तिथं प्ले स्टोअर म्हणेल तसं नाचावं लागतं.

रस्टबद्दलही विचारलंय तुम्ही. भाषा भक्कम आहे. पण तुमच्यानंतर ती सांभाळायला बेळगावात पोरगा मिळाला, तर आधी मला कळवा.