ज्ञान वसाहतवादातून मोकळं करायचं म्हणजे इंग्रजी आणि विज्ञान सोडून द्यायचं का? आणि त्याचा लोकशाहीशी काय संबंध?

विज्ञान सोडायचं नाही, इंग्रजीही नाही. मी भंडारा जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवतो. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे: जाणकार कोणाला म्हणायचं, आणि झालेला अभ्यास कोणाच्या हाती द्यायचा? तुम्ही लोकशाहीशी संबंध विचारलात, तो इथेच आहे.

एमएस्सीला मी गावच्या मामा तलावातल्या माशांवर प्रबंध लिहिला. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांनी गोंड राजवटीत असे कितीतरी तलाव बांधले. मालगुजारी गेली तसे ते सरकारजमा झाले. मग दफ्तरात उरलं पाणी किती आणि ओलीत किती. मासा, देवधान (तलावात आपोआप उगवणारा रानभात), ढिवरांचं म्हणजे मासेमार समाजाचं पोट त्या रकान्यांत बसेना.

आठवडाभर एका ढिवर आज्याने मला डोंग्यातून फिरवलं. जाळ्यातली मरळ हातात धरून म्हणाला, "पाणी आटलं का हे गाळात बसते, वर येऊन सास घेते. सगळा गाळ नोको काढू, याचं घर हाय ते." मी ते इंग्रजीत, लॅटिन नावासकट लिहिलं. आज्याचं नाव कुठेच नाही. 'स्थानिक मच्छीमारांचे सहकार्य' एवढ्यावर भागवलं. तो प्रबंध गावात कोणी वाचू शकलं नाही. हे मला अजून सलतं.

सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला होतो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे मांडलं होतं. त्या हिशेबाने विद्यापीठ आजही गावाचं देणेकरी आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने वेगळी वाट काढली. तिथे अभ्यासगटात बाहेरच्या जाणत्यांना बसवून गाव प्रश्न समजून घेतं आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे ही सवय होती.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विद्यार्थ्यांनी तलावाचा अहवाल मराठीत लिहून ग्रामसभेत वाचला. त्यात 'काठावरची बेशरम कापावी' असं होतं; बेशरम म्हणजे तलावाकाठी माजणारं झुडूप. मागून एक बाई उठल्या. "वरून कापान तं दुप्पट फुटते. मुळासकट उपटा लागते, पावसाच्या आधी." मुलांनी तिथेच ती ओळ खोडली आणि बाईंचं नाव घालून नव्याने लिहिली. त्या दुरुस्तीला गुण देण्याची सोय परीक्षेत नाही. ती व्हावी म्हणून आम्ही विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे अर्ज केला आहे.