पावसाचा मिक्स करायचाय ना, मग आधी ऊन घाल

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. शाळेतले सहा जण पावसाळ्यात सोलापुरात जमणार, गाडीनं नळदुर्गला नर-मादी धबधबा बघायला जाणार, त्यासाठी तू 'पावसाची गाणी' म्हणून मिक्स केलास, 64 गाणी झाली, लिंक ग्रुपवर टाकली, दोघांनी अंगठा दाखवला आणि ऐकलं कुणीच नाही. आता विचारतोयस की यातली कुठली काढू.

काढत बसू नकोस, नव्यानं कर. साधा हिशोब बघ, गाण्याला साडेचार मिनिटं धरली तर 64 गाणी म्हणजे पावणेपाच तास होतात, तेवढ्यात माणूस पुण्यात पोचून चहा पिऊन होतो. नळदुर्ग आपल्यापासून 50 किलोमीटरच्या आसपास, तासाभराचा रस्ता, म्हणजे तुला तेरा गाणी लागतात. तेराच. हे ऐकून पोटात गोळा येतो माहितीय मला, पण त्यामुळेच निवडायला लागतं, नाहीतर आपण नुसतं गोळा करत राहतो.

मला हे शिकवलं ते नवी पेठेतल्या एका कॅसेट भरून देणाऱ्या माणसानं. आमच्या वेळी वहीच्या कागदावर यादी करून न्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी आणायला जायचं. पहिल्यांदा यादी घेऊन गेलो तर यादी न बघताच त्यानं विचारलं, "ऐकणार कुठं? घरी का टेम्पोत?" मला वाटलं याला काय करायचंय. तर म्हणाला टेम्पोत हळू सुरू होणारं गाणं मरतंय बे, इंजिनाच्या आवाजात पहिला मिनिट कुणाला ऐकूच येत नाही, ड्रायव्हरला वाटतं कॅसेट संपली. मग यादी बघितली आणि त्यातली चार गाणी पेन्सिलीनं खोडली, मला न विचारता. राग आला होता. पण बरोबर होता तो.

तर तुझं काय झालंय, तू सर्चमध्ये पाऊस, सावन, बरसात टाकलंस आणि आलं ते भरलंस. शब्द एक असला म्हणून थीम एक होत नाही. तुझ्या यादीत कोकणातला पाऊस आहे, मुंबईतला छत्रीवाला पाऊस आहे, सिनेमात हिरोईनला भिजवायला पाईपनं सोडलेला पाऊस आहे. आपला कुठाय? आपण पडलो दुष्काळी पट्ट्यात. मृगात चार थेंब येतात, मातीचा वास सुटतो, आपण स्टेटस टाकतो आणि नंतर महिनाभर आभाळ नुसतं भरून येतंय आणि जातंय. खरा पाऊस बहुतेक उत्तरा-हस्तात, सप्टेंबर उजाडल्यावर, जेव्हा रब्बी ज्वारीच्या पेरणीची गडबड असते. म्हणून सोलापूरच्या माणसाचं पावसाचं गाणं हे आधी वाट बघायचं गाणं असतं, पडणं नंतरचं. तुझ्या मिक्सला ही एकच गोष्ट सांगू दे, बाकी पावसाचं पुस्तक लिहायला जाऊ नकोस.

आता वाट बघायची गाणी म्हटल्यावर बघ कशी आपोआप पुढं येतात. सुरुवात मी 'गारवा'नं करेन. सौमित्र आणि मिलिंद इंगळेचा 1998 चा अल्बम, त्यात गाण्याआधी जे बोलणं आहे ते सुरूच उन्हापासून होतं. सोलापूरच्या माणसाला यापेक्षा खरी सुरुवात कुठली. शिवाय बोलण्यानं सुरुवात झाली की गाडीतली बडबड आपोआप थांबते, काय म्हणतोय बघू म्हणून.

मग 'गुड्डी'तलं 'बोले रे पपीहरा'. 1971 चा पिक्चर, वसंत देसाईंचं संगीत, वाणी जयरामचा आवाज, मियाँ की मल्हार हा पावसाचा राग. लोक याला जुनं म्हणून सोडून देतात. अरे पपीहा म्हणजे आपला पावशा! तोच तो, 'पेर्ते व्हा पेर्ते व्हा' म्हणून ओरडणारा. माझ्या आजोबांना तो ओरडला की चैन पडायची नाही, बियाणं आहे पण ओल नाही, याला काय जातंय ओरडायला म्हणायचे. हे एवढं ग्रुपवर लिहून गाणं टाकलंस तर तुझा तो कॉन्व्हेंटवाला मित्रही ऐकेल.

तिसरं सचिनदेव बर्मननी 'गाईड'मध्ये (1965) स्वतःच्या आवाजात म्हटलेलं 'अल्लाह मेघ दे'. तो आवाज गाणाऱ्याचा वाटत नाही, बांधावर उभ्या माणसाचा वाटतो. आणि चौथं-पाचवं कुठंतरी 'लगान'मधलं 'घनन घनन'. हे तुझ्या यादीत आहे, पण तू ते 51 नंबरला, सगळा पाऊस पडून गेल्यावर टाकलंयस! पिक्चर आठव की लेका. अख्खं गाव नाचतंय, ढग येतात, गडगडतात आणि न पडताच निघून जातात. म्हणजे ते पावसाचं गाणं नाहीच, हुलकावणीचं आहे. ते मिक्सच्या मध्यावर पाहिजे, आता आला आला असं वाटायला लावून पुन्हा कोरडं करायला. त्याच्यामागं लगेच एखादं शांत गाणं, आशाबाईंचं 'ये रे घना' ठेव. आरती प्रभूंचे शब्द आणि हृदयनाथांची चाल, एवढ्या दंग्यानंतर ते आलं की गाडीत कुणीतरी काच खाली करतं बघ.

इथपर्यंत एक थेंब पडू द्यायचा नाही.

मग पाऊस. आणि इथं मला महानोर लागतात, कारण तेही कोरडवाहूतलेच, पळसखेडचे, पावसाची किंमत माहिती असलेला माणूस. 'जैत रे जैत'मधलं 'नभ उतरू आलं' आणि 'सर्जा'तलं 'चिंब पावसानं', दोन्हीला हृदयनाथच. दोन्हीपैकी एकच घे असं मी म्हणणार होतो, पण नाही, दोन्ही घे, फक्त लागून नको. मध्ये 'दो बिघा जमीन'मधलं 'हरियाला सावन' टाक, सलील चौधरींचं, 1953 चं. तिथंपण आधी दुष्काळ आहे आणि मग पाऊस आल्यावर गाव गातंय. काळंपांढरं, जुनं म्हणून पोरं नाक मुरडतील, पण ढोल सुरू झाला की मान हलणार म्हणजे हलणार.

'रिमझिम गिरे सावन' तू दोन वेळा घेतलंयस, किशोरचं आणि लताबाईंचं. दोन्ही 'मंझिल'चीच (1979), पंचमचीच, पण गाणी दोन आहेत असं समज. किशोरचं मैफलीतलं, बैठकीत बसून म्हटलेलं, लताबाईंचं मुंबईच्या रस्त्यावर भर पावसात. गाडीला लताबाईंचं. घरी रात्री गच्चीवर बसणार असाल तर किशोरचं. आणि इथं ते शेवटून दुसरं ठेव, कारण तो सुखाचा पाऊस आहे, वाट बघून झाल्यावरचा.

'श्रावणात घननिळा' मी काढतोय, शिव्या दे. खळेकाकांची चाल आणि पाडगावकरांचे शब्द, माझ्या सगळ्यात आवडत्या पाचात आहे. पण ते नाजूक काम आहे, हायवेला काचेवर वारा आपटत असताना त्यातलं निम्मं ऐकूच येत नाही. टेम्पोचा नियम. आपलं सगळ्यात आवडतं गाणं मिक्समध्ये बसत नसेल तर ते काढायला जमलं पाहिजे, हे मला वीस वर्षं जमलं नाही.

आता मित्रांचं. तू लिहिलंयस की एक जण पूर्व भागातला, घरी तेलुगू, आणि एक अक्कलकोटचा, घरी कन्नड. मग 64 गाण्यांत त्यांचं एकही कसं नाही रे? सोलापूरचा मिक्स आणि नुसता मराठी-हिंदी, हे तर शेंगाचटणीशिवाय कडक भाकरी झाली. कन्नडमध्ये 2006 चा 'मुंगारु मळे', पिक्चरच्या नावाचाच अर्थ पहिला पाऊस. त्यातलं 'अनिसुतिदे' सोनू निगमनं म्हटलंय, जयंत कायकिणींचे शब्द, कन्नड न येणाऱ्यालाही लगेच धरतं. तेलुगूत 2004 चा 'वर्षम', देवी श्री प्रसादचं 'नुव्वोस्तानंटे', हिरोईन पावसालाच म्हणतेय की तू येतो म्हटलास तर मी नको म्हणेन का. वाट बघण्यात बरोब्बर बसतंय. पण मी सांगितलेली घेण्यापेक्षा त्या दोघांनाच फोन कर. मेसेज नको, मेसेजला "कुठलंपण टाक" येतं. फोनवर विचार, लहानपणी घरी पाऊस आला की आई काय गुणगुणायची. तेरापैकी दोन-तीन जागा अशा मोकळ्या ठेव. ज्याचं गाणं मिक्समध्ये आहे तो मिक्स ऐकतोच, स्वतःचं कधी येतंय बघायला तरी.

टेक्निकल थोडंच सांगतो. अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपायच्या आतच पुढचं सुरू करायचं सेटिंग, चालू असेल तर बंद कर, गारव्याच्या बोलण्यावर पुढचं गाणं चढलं की सगळा विचका. आवाज सारखा करायचं सेटिंग असतं, नॉर्मलायझेशन, ते चालू ठेव, नाहीतर 1953 च्या गाण्याला आवाज वाढवलेला असतो आणि मागून 2004 चं आलं की ड्रायव्हर दचकतो. ज्याच्या फोनवरून लावणार त्याच्याकडं आधीच डाउनलोड करून ठेव, फुकटच्या अ‍ॅपवर असेल तर 'अल्लाह मेघ दे'च्या मागं बनियनची जाहिरात यायची. शफल बंद आहे का ते निघताना दोनदा बघ. आणि तयार झालं की एकदा स्वतः गाडीत किंवा रिक्षात बसून ऐक, हेडफोन लावून घरात ऐकलेलं धरायचं नाही.

वेळेचं पण मोजून बघ. आमचा एक मित्र बारावीनंतर पुण्याला शिकायला निघाला तेव्हा मी त्याला 90 ची कॅसेट भरून दिली होती, एका बाजूला 45 मिनिटं. हौसेला येऊन मी एक गाणं जास्त लिहिलं, आणि ए बाजू शेवटच्या अंतऱ्याच्या मधोमध खट्कन संपली. कॉट बेसिसवर राहायचा, तीन वर्षं तीच कॅसेट. परवा त्याच्या पोरीच्या लग्नात कुणीतरी तेच गाणं म्हणायला लावलं तर हा अंतऱ्यात बरोब्बर त्याच ठिकाणी थांबला. पुढचं त्याला येतच नाही.

एक राहिलं. नर-मादी धबधबा बोरी नदीला पाणी असेल आणि वरचं धरण भरून वाहत असेल तरच पडतो, जुलैमध्ये जाणार असाल तर कोरडी भिंत बघून यायची शक्यता भरपूर आहे, आधी नळदुर्गात कुणाला तरी फोन करून विचार. नसला तरी किल्ला बघण्यासारखा आहेच, आणि किल्ल्यातल्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल ज्याच्या काळातला तो विजापूरचा सुलतान इब्राहिम आदिलशाह दुसरा स्वतः गाण्यातला माणूस, दखनीत रागदारीची गाणी लिहून 'किताब-ए-नवरस' करून ठेवलीय त्यानं. तेरावं गाणं म्हणून मी काहीच ठेवणार नाही. किल्ल्याच्या दारात गाडी थांबली की बंद कर. धबधबा पडत असला तर त्याचा आवाज लांबूनच येतो. नसला पडत तर तिथंच उभ्या उभ्या सचिनदेवचं परत लाव.