‘चालवून घ्या’ची सही कोण करतं?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत व्हॉल्व्ह तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. गगनयानाची बातमी आली की त्याच शंका पुन्हा येतात, म्हणून ही उत्तरं एकत्र देतो.

अंतराळवीर शुभांशु शुक्लांचं अंतराळ स्थानकाकडचं उड्डाण सारखं पुढे ढकललं. तयारी कच्ची होती का? (ऐरोली)

नाही. त्यांना नेणाऱ्या फाल्कन ९ रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती सापडली, ती दुरुस्त झाली आणि २५ जून २०२५ ला यान सुटलं. गळती जमिनीवरच सापडायला हवी.

ऑक्टोबर २०२३ ची गगनयान चाचणी ऐनवेळी थांबली. रॉकेट बिघडलं होतं असं भावोजी म्हणतात. (घोडबंदर)

भावोजींनी हे कुठे ऐकलं? उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाला नोंदीत खोट दिसली आणि त्यानेच मोजणी थांबवली. कारण सापडलं, त्याच सकाळी दहाला उड्डाण झालं, अंतराळवीरांच्या सुटकेची यंत्रणाही चालली.

आमच्याकडे सीलच्या खाचेची खोली ०.०२ मिमीने मर्यादेबाहेर जाते. गिऱ्हाईक डेव्हिएशनवर, म्हणजे मर्यादेबाहेरचा माल चालवून घेण्याच्या कागदावर, सही देतं. यानाच्या कामातही असंच चालतं ना? (रबाळे)

चालतं, आणि मला सगळ्यात मोठी धास्ती याचीच आहे. चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या बूस्टरमधल्या (बाजूच्या रॉकेटमधल्या) रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, आधीच्या उड्डाणांतही जळलेल्या निघाल्या होत्या. काही झालं नाही, म्हणून चालवून घेतलं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते, एवढ्या थंडीत रबर कडक होतं, उडवू नका. वरिष्ठांनी त्यांचं म्हणणं बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी ७३ व्या सेकंदाला यान तुटलं, सात जण गेले. कोलंबिया या दुसऱ्या अमेरिकी यानाचंही तेच. इंधनाच्या टाकीवरचा फोम आधीही निखळायचा. २००३ मध्ये तो डाव्या पंखावर आदळला. इंजिनिअरांनी कक्षेतल्या यानाचे फोटो मागितले, ते घेतलेच नाहीत. कल्पना चावला आणि आणखी सहा जण परतले नाहीत. दोन्ही वेळा दोष आधी दिसला होता हो!

मागच्या लॉटला काही झालं नाही, ही चाचणी नव्हे. तुमच्या डेव्हिएशनवरची सही गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाची आहे की डिझाइनची, ते आजच बघा. खरेदीची असेल तर लॉट अडवा, लाल टॅग लावा, गिऱ्हाइकाच्या डिझाइन इंजिनिअरला लेखी विचारा. टूल झिजलंय का आणि गेजचं (मापाच्या साधनाचं) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, कधी झालं, तेही तपासा. महिनाअखेरच्या डिस्पॅचसाठी हे पुढे ढकलू नका.

‘स्पेस ग्रेड’ ओ-रिंग तिप्पट भावाने मिळतात. घ्याव्यात का? (महापे)

नुसत्या त्या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. कोणतं मानक, कोणता बॅच, क्युअरिंगची (रबर पक्कं करण्याची) तारीख कोणती, हे कागदावर मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर नमुना एनएबीएल-मान्य (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या) प्रयोगशाळेत द्या, आणि तुमच्या द्रवाला व तापमानाला कोणतं रबर चालेल ते तिथल्या रबर-तज्ज्ञाला विचारूनच ऑर्डर द्या.